औषध कुटणाऱ्यांचा दमा



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना मुद्रकाने शब्दांची अदलाबदल केली असावी असे वाटले असेल. दम्यावर औषध असते हे आपण जाणतो. पण औषध कुटणाऱ्याला त्या औषधानेच दमा लागावा, हे जरा विपरीतच ऐकू येते. मुद्रकाची चूक झालेली नाही. विषय तोच आहे. मात्र आरंभीच एक खुलासा करून ठेवतो. मी येथे वनौषधींवर खटला भरण्यासाठी उभा नाही. घसा बसला म्हणजे ज्या ज्येष्ठमधाची काडी आपण चघळतो, ज्या इसबगोलाचा पेला घरातील वडीलधारी माणसे रात्री निजताना घेतात, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. माझा प्रश्न निराळा आहे. ते औषध आपल्या हाती येण्यापूर्वी कोणीतरी ते निवडले, वाळवले, कुटले, चाळले आणि पुडीत भरले. त्या माणसाच्या छातीत काय गेले? आपण औषध पोटात घेतो, मात्रेने घेतो आणि गुण आला की थांबतो. तो ते श्वासावाटे घेतो. त्याला मात्रा नाही, आणि कामाचा दिवस असेपर्यंत थांबणेही नाही.

यावर कोणी म्हणेल, धुळीने शिंका यायच्याच, त्यात नवल ते काय? शंका रास्त आहे. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. घरात शिकेकाई कुटायला घेतली की सारे घर शिंकू लागते. मिरच्या कांडायला बसावे, तर भिंतीपलीकडचा शेजारीही खोकतो. तपकीर तर शिंकेसाठीच ओढतात. हे सारे झोंबणे होय. झोंबण्यात पक्षपात नसतो. सासू असो, सून असो, पाहुणा असो, जो जवळ असेल त्याला ते झोंबते, आणि बाजूला गेले की थांबते. परंतु दुसरा एक प्रकार आहे, तो माणसे निवडून घेतो. एका कोठीत दहाजण बसून तोच पाला चाळत आहेत. नऊजणांना काही होत नाही. दहाव्याचे नाक वाहू लागते, डोळे चुरचुरतात, काही महिन्यांनी छातीत घरघर सुरू होते, आणि पुढे तर शेजारच्या खोलीत कोणी त्या पाल्याचे पोते उघडले तरी त्याला धाप लागते. आपल्या भाषेत यासाठी फार अचूक शब्द आहे: वावडे. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला आणि तो जगभर रूढ झाला. पण त्यांचा शब्द येण्यापूर्वीही आपल्या आज्या ‘त्याला अमक्याचे वावडे आहे’ असे म्हणतच होत्या.

हे वावडे कसे जडते? काहीजणांच्या घराण्यात त्याकडे कल असतो हे खरे. पण अमुक एका वस्तूचे वावडे घेऊन कोणी जन्माला येत नाही. ते त्या वस्तूच्या सहवासाने अंगी येते. वनस्पतीच्या धुळीतील प्रथिने नाकातून व श्वासनलिकांतून आत जातात. शरीराची रक्षणव्यवस्था वास्तविक जंतूंशी लढण्यासाठी आहे. परंतु काही माणसांत ती या निरुपद्रवी प्रथिनांनाच शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करून ठेवते. ते प्रतिद्रव्य १९६६–६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. आज त्याला आयजीई म्हणतात. ही तयारी होण्यास कधी काही आठवडे, कधी महिने, कधी कित्येक वर्षे लागतात. तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. तयारी पुरी झाल्यावर मात्र तीच धूळ चिमूटभर आत गेली तरी श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, आतील अस्तर सुजते, चिकट कफ सुटतो. यालाच आपण दम्याचा झटका म्हणतो. म्हणूनच ‘मी सहा वर्षे हेच काम करतो आहे, आजवर काही झाले नाही, म्हणजे हे कामामुळे नसावे’ हा युक्तिवाद टिकत नाही. कदाचित त्या सहा वर्षांतच ते घडले असेल.

धूळ आणि श्वास यांचा संबंध काही आज कळलेला नाही. चरकसंहितेत हिक्का आणि श्वास या रोगांच्या प्रकरणात जी कारणे सांगितली आहेत, त्यांत धूळ, धूर आणि वारा यांचा उल्लेख आहे. युरोपात इटलीतील मोडेना येथील बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथच लिहिला. धान्य चाळणारे, पीठ दळणारे, कबरी खणणारे अशा कितीतरी लोकांची दुखणी त्यात आहेत. औषधे कुटणाऱ्यांनाही त्यात स्थान आहे. रामाझ्झिनीचे मोठेपण एका प्रश्नात साठवले आहे. हिपॉक्रेटिसने रोग्याला विचारावयाचे प्रश्न घालून दिले होते. रामाझ्झिनी म्हणाला, त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घाला: तुमचा धंदा काय? तीनशे वर्षे होऊन गेली, तरी हा प्रश्न दवाखान्यात नेमाने विचारला जातोच असे नाही.

पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील आर्मां त्रूसो हे एकोणिसाव्या शतकातील नामांकित अध्यापक स्वतः दमेकरी होते. त्यांचा एक अनुभव प्रसिद्ध आहे. आपला गाडीवान घोड्याच्या दाण्यात चोरी करतो असा त्यांना संशय आला, म्हणून तो ओट मोजत असताना ते माळ्यावर जाऊन उभे राहिले. तेथे त्यांना दम्याचा असा जबर झटका आला, की चोरी बाजूस राहिली. पॅरिसच्या रस्त्यांवर याहून अधिक धूळ त्यांनी कितीदा तरी सोसली होती. पण ही धूळ वेगळी होती. याच त्रूसोंनी एका औषधविक्याची हकीकत दिली आहे. दुकानात इपिकॅकची बाटली उघडली, की त्या गृहस्थाला दमा लागे. इपिकॅक म्हणजे ब्राझीलकडील एका झुडपाचे मूळ. आपल्याकडे वमनासाठी गेळफळ वापरतात, तसे ते तिकडे वापरीत. दुकानातील शेकडो बाटल्यांत एकच बाटली या माणसाची वैरीण होती. वावड्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आता आपल्या देशाशी निकटचा संबंध असलेल्या औषधाकडे वळू. इसबगोल हे नाव फारसीतून आले. घोड्याचा कान असा त्याचा अर्थ सांगतात, आणि बी हातात घेऊन पाहिले तर तो पटतो. जगाला लागणाऱ्या इसबगोलाचा फार मोठा भाग भारतातून जातो. उत्तर गुजरातेत ऊंझ्याचा बाजार आणि सिद्धपूरच्या गिरण्या यासाठी प्रसिद्ध आहेत. राजस्थानातही पीक मोठे आहे. हिवाळ्यात पेरलेले पीक उन्हाळ्याच्या तोंडाशी निघते, मग बी भरडून, पाखडून वरची भुसी वेगळी काढतात. बियाण्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा भुसी असते. ती पोत्यांतून, डब्यांतून देशोदेशी जाते.

या डब्याचे झाकण दूरदेशी उघडले म्हणजे काय होते ते पाहा. कॅनडातील दीर्घकाळ आजारी असलेल्या वृद्धांच्या रुग्णालयांत परिचारिका रोज पेल्यात इसबगोलाची भुकटी घालून पाण्यात कालवून देत. भुकटी पेल्यात पडताना एक लहानसा ढग उठे. तेवढाच काय तो संपर्क. तरीसुद्धा १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या कर्मचाऱ्यांपैकी शेकडा सुमारे चारजणांना इसबगोलामुळे दमा झाल्याचे आढळले. ऑस्ट्रेलियातील एका औषधकारखान्यात इसबगोल आणि सोनामुखी यांवर काम करणाऱ्यांची तपासणी झाली, तिचा अहवाल १९९१ चा आहे. तेथेही दोन्ही वनस्पतींचे वावडे असलेले कामगार निघाले. याच सुमारास अमेरिकेत सकाळच्या न्याहारीच्या एका तयार पदार्थात इसबगोल घातले गेले. तो खाल्ल्याबरोबर काहीजणांच्या अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, जीव धोक्यात आला. त्यांत पूर्वी रोग्यांना इसबगोल कालवून देणाऱ्या परिचारिका होत्या. म्हणजे नाकावाटे जडलेले वावडे पुढे पोटावाटेही बाधले. ज्याला इसबगोल हाताळताना शिंका व धाप लागते, त्याने ते खाण्याचा प्रयोग करू नये, एवढा व्यावहारिक बोध यातून घ्यावा.

आणखी एक शोध उपयोगाचा आहे. हे वावडे मुख्यत्वे भुसीचे नसून आतल्या दाण्याचे असते. भुसी जितकी स्वच्छ, तितका धोका कमी. तिच्यात दाण्याची भुकटी जितकी मिसळलेली, तितका अधिक. तेव्हा माल नीट साफ करणे हे केवळ व्यापाऱ्याच्या पतीचे काम नाही, त्यात कोणाचा तरी श्वास गुंतलेला आहे. आणि साफ करण्याचे हेच काम सर्वांत धुळीचे, ही त्यातली अडचण.

उदाहरणे येथे संपत नाहीत. घसा मोकळा करणाऱ्या ज्येष्ठमधाच्या मुळांपासून धंद्यातील दमा झाल्याची नोंद कॅनडात २००२ साली झाली. कोरियात पारंपरिक औषधांच्या व्यवसायातील माणसांना आपल्या कोनफळाच्या जातीच्या एका कंदाच्या भुकटीने दमा झाला. एरंडाची कथा तर कारखान्याच्या भिंतीबाहेर जाते. अमेरिकेतील टोलेडो शहरात एरंडेलाच्या गिरणीभोवती राहणाऱ्या, गिरणीत कधी पाऊलही न टाकलेल्या लोकांना दमा होऊ लागला, आणि दोन डॉक्टरांनी १९२८ साली त्याचे मूळ एरंडाच्या बियांच्या धुळीत दाखवून दिले. दोष शुद्ध तेलात नव्हता. तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याच्या धुळीत होता. आपल्या बिब्ब्याचा प्रकार थोडा वेगळा. त्याचे वावडे श्वासाचे नसून कातडीचे. ते लगेच न उठता दिवसा-दोन दिवसांनी उठते. परीट कपड्यांवर बिब्ब्याने खूण करीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर नेमके त्या खुणेच्या जागी चट्टे उठले, आणि १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्याचे कारण छापून प्रसिद्ध केले. मुद्दा हा, की ‘नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी आहे’ ही आपली समजूत औषध हाताळणाऱ्याच्या बाबतीत उपयोगी पडत नाही.

आपल्याकडे उत्तम चूर्णाची कसोटी कोणती? ते वस्त्रगाळ असावे. खलबत्त्यात कुटावे, कापडातून गाळावे, बोटांत चोळले तर खर लागू नये. गुणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण जे कापडातून गळून खाली पडते, त्याहूनही बारीक असे काही त्याच वेळी वर उडते. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर दहा मायक्रॉनहून लहान कण घशाखाली उतरतात आणि पाचाहून लहान कण छातीत खोलवर पोचतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. खिडकीतून उन्हाची तिरीप आली म्हणजे तेवढे चमकताना दिसतात. चूर्ण जितके उत्कृष्ट, तितकी ही अदृश्य धूळ अधिक. खाणाऱ्याची सोय ती कुटणाऱ्याची गैरसोय. दिवाळीच्या आधी शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, कचोरा दळून उटणे करणाऱ्या कितीतरी भगिनी घरच्या बंद खोलीत हेच काम करतात, आणि त्याच खोलीत त्यांची मुले निजतात. प्रत्येकीला दमा होईल असे मी मुळीच म्हणत नाही. पण जिला होईल, तिला तो कशाने झाला हे कळावे, इतके तरी व्हावे.

आणि कळणे हेच कठीण आहे, याचे कारण सांगतो. वावड्याचा झटका दोन वेळांना येतो. एक लगेच, मिनिटांत. तो ओळखणे सोपे. दुसरा चार ते आठ तासांनी. समजा, एखादा गृहस्थ दुपारभर पाला चाळतो, संध्याकाळी बरा घरी येतो, जेवतो, आणि रात्री खोकून उठून बसतो. त्याला वाटते घराला ओल आहे, गादीत कापूस जुना आहे, रात्री दही खाल्ले ते बाधले. पत्नी दही बंद करते. घर बदलण्याची भाषा होते. पोत्याचा संशय कोणालाच येत नाही, कारण पोते घरात नसते. अशा वेळी दोन प्रश्न विचारावे. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? आठ-पंधरा दिवस गावी गेले असता खोकला थांबतो, आणि कामावर परतल्यावर पुन्हा उलटतो का? उत्तर ‘होय’ असेल, तर दम्याची वाट कामाच्या जागेकडे जाते. आणखी एक खूण अशी, की पुष्कळदा छातीच्या आधी नाक बोलते. कामावर गेल्यावरच सुरू होणाऱ्या शिंका आणि वाहते नाक ही वर्दी असते; तिला ‘नेहमीचे पडसे’ म्हणून घालवू नये.

खात्री करण्यास साधनेही आहेत. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याची एक स्वस्त नळी मिळते, तिला पीक फ्लो मीटर म्हणतात. दिवसातून निदान चार वेळा फुंकून आकडे लिहावे. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही येतील असे तीन-चार आठवडे लिहावे. वही डॉक्टरांसमोर ठेवली, की आकडेच बोलतात. पुढे कातडीवरील व रक्तातील तपासण्या आहेत. मात्र ही वही काम चालू असतानाच भरावयाची असते. काम सोडल्यावर पुरावा हरवतो.

एवढी घाई कशासाठी? येथेच या विषयातील खरी कळकळीची गोष्ट येते. वनस्पतीच्या धुळीने जडलेला हा दमा लवकर ओळखला आणि माणूस त्या धुळीतून लवकर बाहेर पडला, तर तो बरा होण्याची आशा चांगली असते. उशीर झाला, तर धूळ सुटते पण दमा सुटत नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून पाहिल्या असता, धंद्यातील दम्याचे रोगी कामापासून दूर झाल्यावर साधारण तिघांत एकच पूर्ण बरा झालेला दिसतो. इनहेलरने आराम पडतो, तो अवश्य घ्यावा. पण सकाळी इनहेलर घेऊन पुन्हा त्याच धुळीत बसणे म्हणजे तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणे.

पण ‘काम सोडा’ हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो. ज्याच्या हातात दुसरे कसब नाही, ज्याच्या मजुरीवर पाच माणसे जेवतात, तो खोकला दाबून धरील, पण सांगणार नाही. त्याला भीती रोगाची नसते, ती कामावरून काढले जाण्याची असते. त्यामुळे सारा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. ब्रिटनने १९८२ साली कामामुळे होणारा दमा नुकसानभरपाईच्या यादीत घातला, आणि पुढे त्याच्या कारणांत इसबगोल, एरंडाच्या बियांची धूळ आणि इपिकॅक ही नावे लिहिली गेली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०१० च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही असा दमा आहे. डबा उघडणाऱ्या परदेशी परिचारिकेची विचारपूस झाली, हे उत्तम झाले. जो आपल्या देशात तेच बी पाखडतो, त्याचीही तितकीच आस्थेने व्हावी, असे मागणे काही अवास्तव नाही.

उपाय अवघड नाहीत. क्रम मात्र ध्यानात ठेवावा: आधी धूळ उठू नये, मग उठली तर पसरू नये, आणि सर्वांत शेवटी ती नाकात जाऊ नये. जेथे औषधाला चालते तेथे भुकटीऐवजी रवाळ माल वापरावा किंवा किंचित ओलावा देऊन काम करावे. दळण्याचे व चाळण्याचे यंत्र झाकलेले असावे, आणि जेथे धूळ निघते नेमके तेथेच ती खेचून नेणारी नळी असावी. नुसता छताचा पंखा धूळ घालवीत नाही, वाटून देतो. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. पोते झटकू नये. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. नाकावर बांधलेला पंचा बारीक कण अडवीत नाही. २०२० च्या साथीत आपल्या साऱ्यांच्या परिचयाचा झालेला एन-९५ सारखा घट्ट बसणारा मुखपट्टा अधिक उपयोगी, पण तो शेवटचा पहारेकरी आहे, पहिला नव्हे. आणि ज्याच्या नाकाने वर्दी दिली, त्याला कामावरून न काढता दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कामावर घ्यावे. या सभेत वनौषधींचे व्यापारी असतील, कारखानदार असतील, वैद्यमंडळी असतील. त्यांनी या शेवटच्या वाक्याचा विशेष विचार करावा, अशी माझी विनंती आहे. खोकला सांगितल्याने भाकरी जात नाही असा विश्वास वाटला, तरच माणूस वेळेवर खोकला सांगतो.

शेवटी मी रामाझ्झिनीकडेच परत जातो. त्याचा प्रश्न डॉक्टरांसाठी होता, पण तो डॉक्टरांपुरता ठेवण्याचे कारण नाही. आपल्या ओळखीत, आपल्या आळीत कोणी प्रौढ वयात अचानक दमेकरी झाला असेल, तर हवा, दही आणि नशीब यांना दोष देण्यापूर्वी त्याला विचारा: तुम्ही काम काय करता? सुट्टीत बरे वाटते का? पहिला प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याला पैसा लागत नाही. कदाचित आपण विचारलेल्या त्या एका प्रश्नाने कोणाचा तरी श्वास वेळेवर वाचेल. आज रात्री घरी जाऊन इसबगोलाचा पेला हाती घ्याल, तेव्हा तो अवश्य घ्या. फक्त ज्याने ते पाखडले त्याची एकदा आठवण करा.